अनोळखी गायिकेच्या मैफलीला जावे का?

प्रश्न : पुढील महिन्यात कोल्हापुरातील एका छोट्या सभागृहात एका तरुण गायिकेची मैफल आहे. त्यांचे नाव मी पूर्वी ऐकलेले नाही. जयपूर घराण्याच्या असल्याचे तेवढे पत्रिकेवर छापले आहे. घरचे म्हणतात, तिकिटाचे पैसे नामवंतांसाठी राखून ठेवावेत. मला राग चटकन ओळखता येत नाहीत. जावे का, आणि मन रमले नाही तर मधूनच उठावे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अवश्य जावे, असे मला मनापासून वाटते. नामवंतांना ऐकताना त्यांच्या ध्वनिमुद्रिका आपल्या कानांत आधीच वाजत असतात आणि समोरचे गाणे आपण त्या आठवणींशी ताडून पाहत राहतो. अनोळखी गायिकेपुढे तसा आधार नसल्याने आलाप कोठे वळतो आणि ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी येते, हे जागेपणी ऐकावेच लागते. त्यामुळे जाण्यापूर्वी मोबाइलवर त्यांच्या गाण्याचे तुकडे शोधू नयेत. अशा तुकड्यांत बहुधा तानांचा, म्हणजे जलद स्वरावलींचा, कळस तेवढा असतो, आणि ख्याल या गायनप्रकाराची खरी गोडी तर तो हळूहळू उलगडण्यात आहे.

राग ओळखता येत नाही, याची चिंता या घराण्याच्या बाबतीत मुळीच करू नये. या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दरबारगायक होते; १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर ते मुंबईस गेले, परंतु त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांची तालीम कोल्हापुरात चालू राहिली आणि गायिका धोंडूताई कुलकर्णी येथेच त्यांच्याकडे शिकल्या. या परंपरेत अनवट, म्हणजे क्वचितच ऐकू येणारे, राग आणि दोन राग मिसळून झालेले जोडराग आवडीने गायिले जातात. एखादा बिहागडा किंवा संपूर्ण मालकंस सुरू झाला, तर शेजारी बसलेल्या जाणकारालाही क्षणभर विचार करावा लागेल. आपण ‘आ’ या स्वरावर खुल्या गळ्याने गायिलेला मोकळा आकार ऐकावा, आणि तीनतालाच्या १६ मात्रा बोटांवर मोजत बसावे. पेचदार तान घेऊनही गायिका नेमकी समेवर उतरते, तेव्हा होणाऱ्या आनंदाला रागाचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते.

मैफल रंगणार नाही, हेही शक्य आहे आणि ते मान्य करूनच तिकीट काढावे. मात्र पहिल्या काही मिनिटांवरून मत बनवू नये, कारण आवाज तापायला वेळ लागतो आणि तानपुरे पुन्हा जुळवावे लागतात. शक्य तितके पुढे बसावे. छोट्या सभागृहात श्रोत्यांची दाद गायकापर्यंत लगेच पोहोचते, आणि ज्यांचे नाव अजून झालेले नाही त्यांना तिची फार गरज असते. घरच्यांना पैशांचा हिशेब सांगताना एवढे जरूर सांगावे.

उठून येण्यात काहीच गैर नाही, परंतु संथ लयीतला बडा ख्याल आणि त्याला जोडून येणारा जलद लयीतला छोटा ख्याल पूर्ण ऐकावा. पुढील रागासाठी तबला लावला जात असेल, तेव्हा शांतपणे बाहेर पडावे.