मांजरीच्या पिल्लाला दूध दिल्यावर जुलाब होतात. दही-भात द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर सापडलेलं महिनाभराचं पिल्लू घरी आणलं, बशीभर दूध दिलं, दुसऱ्या दिवसापासून पातळ शी सुरू झाली, आणि शेजारच्या काकू म्हणतात दूध बंद करून दही-भात द्या. काकूंचं अर्धं बरोबर आहे. दूध बंद करा, आजच. दही-भाताचं नंतर सांगते. आधी आमच्या भासऱ्यांबद्दल बोलू द्या, कारण तुमचा प्रश्न वाचून पहिले तेच डोळ्यांपुढे आले.

आम्ही नागपूरला महाल भागात राहतो. एकत्र कुटुंब, घर पक्कं शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. ऐन मे महिन्यात मागच्या अंगणात कूलरच्या स्टँडखाली एक पिल्लू येऊन बसलं. नारिंगी रंग, म्हणून पोरानं नाव ठेवलं तर्री. बाहेर 45 अंश, आणि हे कूलरच्या टाकीतून गळणारं पाणी चाटतंय. मी काही करायच्या आत दादांनी, म्हणजे भासऱ्यांनी, गवळ्याकडचं म्हशीचं दूध वाटीभरून पुढ्यात ठेवलं. तर्रीनं वाटी चाटूनपुसून साफ केली. दादा म्हणाले, "बघ, कसं आवडीनं पिऊन राहिलं. मांजराला दूधच लागते."

आवडलं ते पचलंच पाहिजे असा नियम असता, तर लग्नाच्या पंगतीनंतर ओव्याची डबी कोणी शोधली नसती. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. पिल्लू आईचं दूध सोडायला लागलं की ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, आंबते, आणि पुढचं तुम्ही पाहताच आहात. "दुधात पाणी घालून द्यायचं मग" हे दादांचं अजूनचं म्हणणं. पाणी घातल्यानं लॅक्टोज कमी होतं, तसं पोषणही कमी होतं. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. त्यात आणखी पाणी ओतून पिल्लाच्या पोटात काय जाणार?

रात्रीपर्यंत तर्रीची शेपटी, मागचे पाय, सगळं पिवळ्या आंबूस पाण्यानं चिकटलेलं. मी कोमट फडक्यानं पुसत होते आणि दादा दारात उभे राहून सांगत होते, "आता काही देऊ नको. लंघनं परमौषधम्." माणसाला असेल. जेमतेम चारशे ग्रॅमच्या जिवाला उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर पडते आणि ते गार पडून जातं. मोठ्या मांजराला पोट बिघडल्यावर डॉक्टर काही तास उपास सांगतात, पिल्लाला नाही. यावर दादा उठले आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून माणसांची जुलाब थांबवायची गोळी घेऊन आले, "चौथाई दे." मी ती पट्टी सरळ कचऱ्यात टाकली. आठवडाभर बोलणं बंद होतं. पण माणसांची कुठलीही गोळी अंदाजानं तुकडा मोडून देऊ नका. क्रोसिन-पॅरासिटामॉल तर घरात त्याच्या जवळसुद्धा नको, एका गोळीनं मोठं मांजर मरतं.

अंगातलं पाणी कमी झालंय का हे बघायची पद्धत सोपी आहे. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच खाली बसली तर ठीक. तर्रीची तशीच उभी राहिली, हिरड्यांना बोट लावलं तर कोरडं, चिकट. सकाळी ताजी शी झाकणाच्या डबीत घेऊन सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. ही डबी विसरू नका, तिच्याशिवाय सगळे अंदाजच. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं. पाठीवर उंटासारखं मदार आलं, संध्याकाळपर्यंत जिरलं. आणि शी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं, गोल जंतांची अंडी आहेत, कॉक्सिडिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवीही आहे.

झालं! घरी येऊन रिपोर्ट वाचल्या वाचल्या दादा म्हणाले, "म्हणजे जंत होते. दुधाला काहून बदनाम करून राहिली होती?" हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, पाहुण्यांसमोर ऐकते आहे. तर इथे एकदा लिहून ठेवते. दोन्ही होतं. जंतांनी आतडं आधीच नासवलेलं, त्यावर दूध. आणि हे गोल जंत पिल्लात येतात कुठून? बहुतेकदा आईच्या दुधातून. म्हणजे तिथंही दूधच! (हे मी दादांना सांगितलं, तर म्हणाले, "ते मांजरीचं, म्हशीचं नाही." आता काय बोलायचं.)

कोजागिरीला त्यांनी पुन्हा प्रयोग केला. तोपर्यंत तर्री चांगली गुटगुटीत झालेली, जंत गेलेले, शी बांधून होत होती. गच्चीवर सगळे असताना दादांनी गुपचूप तिला आटीव दूध दिलं. सकाळी त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर निकाल हजर. यावर त्यांचं म्हणणं, केशर-वेलची बाधली.

तर तुमचं पिल्लू. जंताचं औषध पहिलं. पायरँटेल दोन आठवड्यांच्या पिल्लापासून चालतं, दर दोन आठवड्यांनी परत द्यायचं, पण मात्रा वजनावर असते म्हणून स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून डॉक्टरांना सांगा. वजन आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढलं पाहिजे. वाढत नसेल तर शी कशीही असली तरी काहीतरी चुकतंय. कॉक्सिडिया मात्र जंताच्या औषधानं जात नाही, त्याचं वेगळं असतं. शी काढल्यावर हात साबणानं धुवा, घरात लहान मूल असेल तर जास्तच, हे जंत माणसाला लागू शकतात.

खायला बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडून, मीठ-हळद-कांदा-लसूण काही नाही, बारीक कुस्करून त्याच्याच पाण्यासकट द्या. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला बाहेरूनच घ्यावं लागतं, ते उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून पाणी फेकू नका. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय सैल होतं, डोळे जातात. 1987 साली हृदयाचं हे कारण सापडल्यापासून कंपन्या ते खाद्यात वाढवून घालायला लागल्या. म्हणून दोन-तीन दिवस चिकन, शी घट्ट झाली की पिल्लांसाठी मिळणारं मांजराचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, आधी चिकनमध्ये थोडं, मग आठवडाभरात पूर्ण त्यावर. कुत्र्याचं खाद्य नको. दिवसातून चार-पाच वेळा, चमचा-चमचाच. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात उरलेलं भांड्यात ठेवून जाऊ नका, तासाभरात आंबतं, मग जुलाबाचं कारण शोधत बसाल.

आमच्या शाकाहारी घरात हे कसं जमवलं? गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक धरलं, पण त्या म्हणाल्या की देवानं तिला तसंच बनवलंय, त्यात आपण काय बोलणार. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ससा पाळावा, मांजर पाळू नये. हे कडक वाटेल, वाटू दे.

दही-भात? दह्यात लॅक्टोज कमी असतं, त्यामुळे चमचाभरानं काही होणार नाही. पण ते जेवण नव्हे. त्यावर वाढवलेलं पिल्लू पोट मोठं आणि पाय काडीसारखे असं होतं. आमच्या गल्लीत आहे एक, दादांच्या मित्राचं.

शीत रक्त दिसलं, जुलाबाबरोबर उलटी असली, खाणं सोडून पिल्लू कोपऱ्यात गपगार बसलं, तर हे उत्तर वाचत बसू नका, रिक्षा करा. ते पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक विषाणूजन्य रोग, असू शकतं, पिल्लं त्यात एक-दोन दिवसांत जातात. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत. पोट बिघडलेलं असताना लस नको, आधी बरं होऊ द्या.

आणि हो, 'महिनाभराचं' हे तुम्ही अंदाजानं लिहिलंय की बघून? तोंड उघडून दात बघा. पुढचे बारीक दात आणि सुळे दिसत असतील तर वरचं सगळं लागू. दातच नसतील तर चिकन विसरा, त्याला मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर लागेल, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना बाळासारखं उताणं धरायचं नाही, पोटावर ठेवायचं, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मग पाजा. कूलरचा झोत अंगावर नको. एवढ्या लहान पिल्लाला शी-शू स्वतःहून होत नाही, पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसानं मागून हळू पुसावं लागतं. बाटली मिळाली नाही तर सुई काढलेली सिरिंज चालते, पण थेंब थेंब.