वाचकांचे प्रश्न: इलेक्ट्रिकवाला एकटा अकूस्टिक घेऊन बसतो तेव्हा

प्रश्न: पंचवीस वर्षं रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. आता एकट्यानं, फक्त अकूस्टिकवर, दीडशे श्रोत्यांपुढे कार्यक्रम करून त्याचाच लाइव्ह अल्बम काढायचाय. हॉल एप्रिलमध्ये मिळतोय. तयारी कुठून सुरू करू? (मानेवाडा)

उत्तर: तारखेपासून. एप्रिलमध्ये नागपुरातला कोणताही हॉल एसी, पंखे किंवा कूलरशिवाय चालत नाही, आणि एकट्या गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये ही घरघर लपवायला ड्रम नसतात. डिसेंबर-जानेवारी धरा. तेव्हा सगळं बंद ठेवून दोन तास लोक आरामात बसतात. फक्त आजूबाजूला लग्नाचं लॉन असेल तर त्या दिवशी तिथं डीजे आहे का, ते आधी विचारून घ्या.

दुसरं कारण लाकडाचं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या उन्हाळ्यात दुपारी ती वीसच्याही खाली जाते. मग वरची फळी आक्रसून खचते, तारा फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या सळ्यांवर) खरखरतात, आणि नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरून बोट फिरवलं तर फ्रेटची टोकं बोचतात. ही टोकं बोचायला लागली की फळीला चीर पडायची वेळ जवळ आली, असं समजा. पावसाळ्यात उलट होतं: फळी फुगते आणि तारा उंच जातात. दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक केसमध्ये ठेवा. कोरडं असेल तेव्हा भोकं पाडलेल्या साबणदाणीत स्पंज भिजवून, थेंब गळणार नाही इतका घट्ट पिळून, तीही केसमध्ये ठेवा. गिटार कूलरसमोर ठेवून ‘ओलावा देणं’ मात्र नको.

आता हाताचं. इलेक्ट्रिकवरच्या १०-४६ च्या संचाचा (आकडे सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) एकूण ताण साधारण ४६ किलो, अकूस्टिकच्या १२-५३ चा ७० च्या वर. त्यात तिसरी तार इलेक्ट्रिकवर साधी असते, अकूस्टिकवर वरून बारीक तार गुंडाळलेली. तुमचे पूर्ण स्वराचे बेंड (तार ओढून सूर चढवणं) तिथं अर्ध्यावरच अडतील. साधी तार टाकून पळवाट काढता येते, पण अकूस्टिकचं सॅडल (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबानं घासलेलं असतं, त्यामुळे वरच्या फ्रेटवर ती चढी बोलते. त्यापेक्षा ११-५२ चा संच लावा किंवा सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. एवढ्यानं ताण सुमारे ११ टक्के कमी होतो आणि गळ्यालाही सोपं जातं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ मिलिमीटर, बारीक तारेची १.८ च्या आसपास ठेवा. याहून खाली नको, कारण स्टेजवर हात घरच्यापेक्षा जोरात पडतो.

खरी अडचण मात्र लांबलेल्या सुरांची आहे. अॅम्पवर आठ सेकंद टिकणारा सूर इथं दोन-तीन सेकंदांत विरतो. त्याच सोलोची नक्कल केलीत तर मध्ये खड्डे ऐकू येतील. अंगठ्यानं खर्ज चालू ठेवा, मोकळ्या तारा वाजतील अशी पट्टी निवडा, गरज पडेल तिथं कॅपो (दांडीवर सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावा. यासाठी तीन महिने हाताशी ठेवा.

तारा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बदला, ओढून ओढून बसवा. गिटार तासभर आधी स्टेजवर, दिव्यांखाली ठेवा, कारण तापली की तार उतरते.

प्रश्न: गिटारच्या सॅडलखाली पिकअप आहे. मिक्सरला सरळ जोडला की पत्रा वाजवल्यासारखं ऐकू येतं. अल्बमसाठी पिकअप घ्यावा की माइक? (धंतोली)

उत्तर: दोन्ही, वेगवेगळ्या ट्रॅकवर. पण अल्बमचा आवाज माइकचाच असू द्या.

पत्र्याचं कारण असं. तुमच्या पिकअपला गिटारच्या आत प्रीअॅम्प नसेल, तर त्या पिएझोला (तारांच्या कंपनाचा दाब विजेत बदलणाऱ्या तुकड्याला) किमान १ मेगाओहमचं इनपुट लागतं. मिक्सरच्या लाइन इनपुटला ते काही दहा किलोओहमच असतं, त्यात खर्ज गळून जातो. मध्ये प्रीअॅम्प किंवा तेवढ्या इनपुटचा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा. आत प्रीअॅम्प असेल तर ९ व्होल्टची बॅटरी प्रत्येक कार्यक्रमाला नवी घाला. बॅटरी उतरली की जोरात स्ट्रम करताना आवाज फाटतो आणि तो मिक्सिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

माइक छोट्या डायफ्रॅमचा कंडेन्सर घ्या, ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर). नेक जिथं पेटीला मिळते तिकडे तोंड करून, २५ ते ३० सेंटिमीटरवर. भोकासमोर धरू नका: पेटीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, तिथं नुसतं ‘भुम भुम’ भरेल. स्पीकरमधून शिट्टी किंवा घुमारा यायला लागला तर हॉलला पिकअप ऐकवा, भोकावर रबरी झाकण लावा आणि माइक फक्त रेकॉर्डिंगला घ्या.

मिक्स करताना पिकअपचा ट्रॅक किंचित उशिरा सुरू होईल असा सरकवा. माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर आवाज तिथं ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सँपल, म्हणजे आवाजाच्या नोंदी) सुमारे ४२ सँपल. हे केलं नाही तर दोन्ही ट्रॅक एकत्र होताच आवाज पोकळ होतो, आणि लोक उगाच इक्वलायझर पिळत बसतात.

रेकॉर्डिंग २४ बिटवर, सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलपाशी. सहा ट्रॅकचे दोन तासांचे साधारण ६ जीबी होतात. कार्ड फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीपुढे एक फाइल जात नाही, म्हणून यंत्र फाइल आपोआप तोडतं का, ते आदल्या दिवशी दोन तास चालवून बघा. गुणगुण आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी सोडवणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हॉलबाहेर बसवा, त्यात जीव जातो.

शक्य असेल तर लागोपाठ दोन संध्याकाळी रेकॉर्ड करा. माइकच्या स्टँडचे पाय आणि खुर्चीची जागा टेपनं आखून ठेवा. जागा हलली नाही तर पहिल्या दिवसाचं कडवं दुसऱ्या दिवसाच्या गाण्यात जोडलेलं कळत नाही.

प्रश्न: एरिक क्लॅप्टनचा ‘अनप्लग्ड’ हा एकट्यानं वाजवलेला अल्बम आहे का? त्यात बोटांची चरचर ऐकू येते, ती काढायला हवी होती का? (प्रतापनगर)

उत्तर: एकट्याचा नाही. जानेवारी १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत तो श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला, सोबत ड्रम, बास, पियानो आणि दुसरी गिटारही होती. चरचर म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांवरून बोट घासत जाणं. थोडी राहू द्यावी. नव्या तारांवर ती जास्त येते, आणि सरकताना बोट अर्धं उचललं की निम्मी होते.

प्रश्न: अल्बममध्ये दोन जुनी हिंदी गाणी घ्यायची आहेत. परवानगी लागते का? (महाल)

उत्तर: लागते, आणि दोन वेगळ्या. हॉलमध्ये वाजवण्यासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो. अल्बमसाठी, जुन्या गाण्याचं नवं रेकॉर्डिंग (कव्हर) काढू देणारं कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ सी आहे, पण त्यात मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि दर गाण्याला, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या कलाकाराला ते परवडत नाही. हक्क असलेल्या कंपनीकडून सरळ लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या बँडची गाणी वाजवणार असाल तरी जुना करार काढून बघा: गाणं पुन्हा रेकॉर्ड करण्यावर बंदीचं कलम त्यात असू शकतं, आणि चाल दोघांची असेल तर दुसऱ्याची सहीही लागेल.