वडील ३० वर्षं गोदीत फिटर होते, आता जिना चढताना धाप लागते. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे असेल का? धाकटा भाऊही जहाजदुरुस्तीतच आहे.

असू शकतं. मी डॉक्टर नाही. जहाजदुरुस्तीत २८ वर्षं पाईप फिटर होतो, तेवढ्यावर सांगतो.

डॉक्टरांनी "बिडी ओढता का?" एवढंच विचारून पंप दिला असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांचं असंच होतं. निवृत्तीला १२ वर्षं झाली, आता कामाचा काय संबंध, असं घरच्यांनाही वाटतं. पण अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसं कडक होण्याचा आजार, ती धूळ श्वासातून गेल्यावर १०-२० वर्षांनी किंवा आणखी उशिरा डोकं वर काढतो. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, ३०-४० वर्षांनीसुद्धा. आमच्यातल्या एका लॅगिंगवाल्याच्या (लॅगिंग म्हणजे पाईपवरचं उष्णता अडवणारं अ‍ॅस्बेस्टॉसचं कवच) छातीत पाणी झालं, तर सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. काम काय करत होता हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

म्हणून आधी वडिलांना बसवून एक कागद करा. कुठल्या साली कुठल्या खात्यात, इंजिन रूम की डेक, लॅगिंग स्वतः फोडलं की शेजारी कुणी फोडत होतं. शेजारचंही लिहाच. आम्ही फ्लँजचे बोल्ट खोलायचो आणि हातभर अंतरावर लॅगिंगवाले पाईपवरचं कवच करवतीने कापायचे. हॅचमधून उन्हाची तिरीप आली की तिच्यात गिरणीतल्या पिठासारखी धूळ तरंगायची. डबाही तिथेच उघडायचो. बॉयलर सूट घरी बायको झटकून धुवायची, म्हणून तुमच्या आईला खोकला असेल तर तिलाही दाखवा.

तो कागद घेऊन छातीच्या तज्ज्ञाकडे जा. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि पीएफटी (फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजायची चाचणी) करायला सांगतील. झालेली इजा भरून येत नाही, पण बिडी आजच बंद. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांच्या १९७९ च्या अभ्यासात अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान दोन्ही असणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका ५० पटींवर निघाला. नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने तो सुमारे ५ पट होता.

निदान झालं तर अ‍ॅस्बेस्टॉसिस भरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर जपायला सांगितल्या. त्या गोदीकडे लेखी मागा.

आता भाऊ. जहाजावर नव्याने अ‍ॅस्बेस्टॉस बसवायला २०११ पासून पूर्ण बंदी आहे, पण दुरुस्तीला येतात ती बरीचशी जुनी जहाजं. खोलण्याआधी त्याने जहाजाची घातक पदार्थांची यादी मागावी, शंका आली तर नमुना तपासून घ्यायला लावावा. ठेकेदार कुरकुर करेल, करू दे. कोरडं कवच फोडायचं नाही, पाणी मारून भिजवायचं. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा मास्क हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. कपडे तिथेच बदलून, अंघोळ करून घरी यायचं. आम्ही सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी एअर होज लावून एकमेकांचे कपडे झटकून द्यायचो आणि त्याला साफसफाई म्हणायचो. तेवढं त्याला करू देऊ नका.