बाळाचा राहिलेला डोस, तीन वेगवेगळ्या याद्या आणि लसीची खात्रीची माहिती

तुम्ही एक प्रश्न म्हणून लिहिलंय, पण त्यात चार प्रश्न आहेत. बाळ चार महिन्यांचं, जन्म डोंबिवलीचा, सध्या तुम्ही देवगडला माहेरी. चौदा आठवड्यांचा डोस सर्दीमुळे राहिला. सरकारी कार्ड एक सांगतं, कणकवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेला कागद दुसरं, आणि अमेरिकेतल्या दिरांनी पाठवलेली यादी तिसरंच. त्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लसीमुळे पुढे मूल होत नाही असा व्हिडिओ फिरतोय. शिवाय तुमच्या वहिनी नुकत्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून लागल्या आहेत, त्यांनी काय वाचावं तेही विचारलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी आरोग्य सेविका आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. त्या अनुभवावर लिहिते.

आधी निकडीचं. डोस उशिरा झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आधीचे डोस वाया जात नाहीत. दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत, त्याहून जास्त गेले तर जिथे थांबलात तिथून पुढे. साधी सर्दी किंवा थोडी कणकण हे डोस पुढे ढकलण्याचं कारणच नाही. तेव्हा येत्या सत्राला जा. सत्र कोणत्या दिवशी, अंगणवाडीत की उपकेंद्रात, हे आशाताईंना पाठ असतं. कार्ड डोंबिवलीचं आहे म्हणून कुणी कुरकुर केली तर तिथेच वैद्यकीय अधिकाऱ्यांचं नाव घ्या. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, गाव बघून मिळत नाही. गणपतीत आणि शिमग्यात आमच्या टेबलावर मुंबई-ठाण्याच्या कार्डांचा ढीग असायचा, त्यात नवल काही नाही. बाळाची नोंद यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत, झाली असेल तर नोंदवलेला मोबाईल नंबर सोबत ठेवा, म्हणजे सेविकेला आधीचे डोस दिसतील.

त्या दिवशी पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडाने, डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, आणि उजव्या दंडावर कातडीतच पोलिओचं छोटं इंजेक्शन. म्हणजे एका बैठकीत तीन टोचण्या. घरी आजी असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बाळाच्या आधी त्याच रडायला लागतात. एका दिवशी इतक्या लसी दिल्याने बाळाच्या अंगावर ताण येत नाही, हे नीट तपासलेलं आहे.

आता याद्या. लसीच्या माहितीचा एकच असा पत्ता नसतो. प्रश्न लहान करायचा आणि ज्याचं ते काम आहे त्याच्याकडे न्यायचा. ‘लस चांगली की वाईट’ असं मोबाईलला विचारलंत तर रात्रभर वाचूनही हाती काही लागणार नाही. ‘पेंटाचा तिसरा डोस किती उशिरा चालतो’ असं विचारलंत तर त्याला उत्तर आहे, आणि ते देणारा माणूस पगारी आहे.

सरकारी कार्डावर काय असावं हे केंद्र सरकार ठरवतं, त्यांना तज्ज्ञांचा राष्ट्रीय सल्लागार गट सल्ला देतो. देशात कोणता आजार किती मुलांना मारतो, लस किती पुरेल, खेड्यापर्यंत थंड राहून पोचेल का, असा सगळा विचार त्यात असतो. खाजगी डॉक्टर बहुतेक वेळा भारतीय बालरोग अकादमीचं वेळापत्रक वापरतात. त्यात कांजिण्या, कावीळ अ, विषमज्वर, फ्लू, गालगुंड अशा लसी जास्तीच्या असतात. त्या खऱ्या लसी आहेत, उपयोगाच्या आहेत, ऐपत असेल तर जरूर द्या. पण कार्डावर त्या नाहीत म्हणजे सरकारने पोराला वाऱ्यावर सोडलं असं नव्हे. विषमज्वराचंच बघा: देशभरच्या कार्यक्रमात ती लस नाही, तरी नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये आपल्या हद्दीतल्या मुलांना मोहीम काढून दिली.

‘बिनदुखीची पेंटा’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला असेल. तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या प्रकारे बनवलेला असतो. ताप आणि सूज कमी येते हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. महाग म्हणून सरस असा हिशेब इथे लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर बाळ धडधाकट असेल तर सरकारी पेंटा घ्या आणि वाचलेले पैसे कांजिण्यांच्या लसीला ठेवा. तुमचे डॉक्टर वेगळं म्हणाले तर कारण विचारा. कारण सांगणारा डॉक्टर बरोबरच असतो असं नाही, पण विचारल्यावर चिडणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा गेले नसते.

दिरांच्या यादीत बीसीजी नाही आणि पोलिओचे थेंब नाहीत, म्हणून तुम्ही दचकलात. तिथे क्षयरोग इतका कमी आहे की सगळ्या बाळांना बीसीजी देत नाहीत, आणि थेंब बंद करून २००० पासून नुसतं इंजेक्शन ठेवलंय. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी पोचलेला आहे. पोलिओचा शेवटचा रानटी विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ते या थेंबांच्या जोरावर. त्यांची यादी त्यांच्या बाळासाठी ठीक आहे, देवगडच्या बाळासाठी नाही.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे म्हणून आणखी एक. काही वर्षांपूर्वी मी कुणालाही त्यांच्या सीडीसीच्या, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, संकेतस्थळाचं नाव बिनधास्त सांगायचे. आता जपून सांगते. जून २०२५ मध्ये तिथली लसींची संपूर्ण सल्लागार समिती, सतराच्या सतरा सदस्य, एका झटक्यात काढून टाकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑटिझमबद्दलचं पान बदललं आणि लसींनी ऑटिझम होत नाही या म्हणण्यावरच तिथे शंका घेतली. त्यामागे नवा पुरावा काही आलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने सगळे अभ्यास पुन्हा चाळून संबंध नसल्याचं डिसेंबरमध्ये पुन्हा सांगितलं. मुळात ही भीती सुरू झाली ती १९९८ च्या एका शोधनिबंधाने. तो नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि लेखकाची डॉक्टरकी गेली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधला साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला, त्यातही गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा काही संबंध दिसला नाही. तेव्हा इंग्रजीतून वाचायचंच असेल तर जागतिक आरोग्य संघटना किंवा फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयाचं लस शिक्षण केंद्र. दुसरं तर खास पालकांसाठीच लिहितं, भाषा सोपी आहे. वेळापत्रक मात्र तिथून घेऊ नका.

व्हिडिओचं थोडक्यात सांगते. त्यात कोणती लस, कोणतं साल, बोलणारा कोण, यातलं काहीच नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यात तपासायचं तरी काय? मूल न होण्याची अफवा पोलिओच्या थेंबांनाही चिकटली होती. ते थेंब घेतलेल्या मुली आज स्वतःची बाळं कडेवर घेऊन सत्राला येतात. ग्रुपवर वाद घालू नका, व्हिडिओ टाकणाऱ्या काकांना एकट्याला फोन करा.

आजींचं बोलणं मात्र मी व्हिडिओच्या पंक्तीला बसवणार नाही. ‘आमच्या वेळेक खय होती इतकी इंजेक्शना? आमी काय मेलव?’ असं त्या म्हणाल्या. त्यांना विचारा की त्यांच्या भावंडांतली किती जगली. टोमणा म्हणून नाही, खरंच विचारा. घटसर्प, डांग्या खोकला आणि बाळंतघरातला धनुर्वात त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलाय, बोलायला लागल्या की सगळं सांगतात. आणि त्यांची खरी काळजी बहुधा तापाची असते. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप आणि मांडीला सूज येऊ शकते. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, सेविकेने सांगितलं तेवढंच. टोचल्या जागी हळद, चुना, तेल, शेक काही नको. बीसीजीची जागा काही आठवड्यांनी फुगते, कधी पू येतो आणि मग वण राहतो, तसं व्हायचंच असतं. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलानंतर ताप किंवा पुरळ आलं तर ते आठवडाभराने येतं, त्यामुळे लोकांना लस आठवतही नाही. झटके आले, श्वास लागला, चेहरा सुजला, तीन तासांहून जास्त अखंड रडणं झालं तर मात्र वाट बघू नका, थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८. अशा वेळी सेविकेला नोंद करायला सांगा. तसा रीतसर अर्ज असतो आणि त्याची जिल्ह्यात चौकशी होते. स्वतः कळवायचं असेल तर औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात ते याचसाठी, एसटी चुकली तरी बसा.

पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते, मग लस बिघडत नाही का, हा तुमच्या वडिलांचा प्रश्न मला फार आवडला. याचं उत्तर कुणावर विश्वास ठेवून घ्यायची गरज नाही, बाटलीवरच असतं. सरकारी लसीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक गोल छापलेला असतो आणि त्याच्या आत चौकोन. लस उन्हातान्हात, गरमीत राहिली की चौकोन काळवंडत जातो, आणि एकदा काळवंडला की परत उजळत नाही. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते. दोघांचा रंग एक झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की ती बाटली बाद. ‘ताई, जरा बाटली दाखवा’ म्हणायला लाजू नका, चांगली सेविका आपणहून दाखवते. आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीच्या भिंतींत बर्फ असतो, ती लाईट गेल्यावरही बराच वेळ थंडावा धरते. सत्राला लस डब्यात चार बर्फाच्या पॅकांमध्ये येते.

वहिनींसाठी याच्या पुढचं. तो चौकोन गरमी सांगतो, गोठणं सांगत नाही. पेंटा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात आणि घटसर्प), कावीळ ब, पीसीव्ही या लसी गोठल्या की कामातून गेल्या, आणि दिसायला बाटली झकास असते. दोन ते आठ अंश, त्याखाली नाही. घाईत डीप फ्रीझरमधून काढलेले पॅक लगेच डब्यात घातले की नेमकं हेच होतं. पॅक हलवून आत पाण्याचा आवाज आला की मग घालायचे. गोवर-रुबेला आणि बीसीजी द्रावणात मिसळल्यावर चार तास, त्यावर एक मिनिट नाही. मिसळल्याची वेळ लेबलवर लिहायची, द्रावणही त्याच कंपनीचं.

वाचायचं म्हणाल तर केंद्राच्या आरोग्य खात्याची दोन हस्तपुस्तकं आहेत, एक वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि एक आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. दुसऱ्यापासून सुरुवात करावी. पण पुस्तक छापल्यावर वेळापत्रक बदलतं, म्हणून जिल्ह्याहून येणारी परिपत्रकं तारखेप्रमाणे एका फाईलला लावावीत. उपकेंद्राच्या भिंतीवरचा तक्ता पहिल्याच आठवड्यात तपासावा. त्यावर गरोदर बाईला ‘टीटी’ (नुसत्या धनुर्वाताची लस) लिहिलेलं असेल, नऊ महिन्यांना नुसता गोवर असेल, किंवा पोलिओच्या इंजेक्शनचे दोनच डोस असतील तर तो तक्ता उतरवावा. टीटीची जागा टीडीने घेतली, गोवर-रुबेलाची मोहीम आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस २०२३ पासून नऊ महिन्यांना आला. कारणमीमांसा हवी असेल तर जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक लसीवर आपली भूमिका सविस्तर प्रसिद्ध करते, तिचा शेवटचा सारांश वाचला तरी पालकांसमोर बोलायला बळ येतं. अडलेली केस तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा माता व बाल संगोपन अधिकारी यांना विचारावी, आपल्या मनाने ठरवू नये. आणि पालकांना ‘काही होत नाही हो’ असं कधी म्हणू नये. रात्री ताप आला की त्याच घरात पुढचा डोस द्यायला पायऱ्या झिजवाव्या लागतात.

लावणीच्या दिवसांत वहिनींना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) लसीबद्दलही विचारतील. ती कुत्र्यांना देतात, आपल्याकडे माणसांना नाही. शेतात उतरणाऱ्यांना केंद्रातून गोळ्या मिळतात त्या वेगळ्या. कुत्रा चावला तर मात्र साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी केंद्र गाठायचं.

बाळाचा पुढचा टप्पा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तेव्हा तुम्ही डोंबिवलीला परत गेलेल्या असाल. जाताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. दहा आठवड्यांच्या रकान्यात तारखेऐवजी नुसती सही आहे असं तुम्ही लिहिलंय, तर नाव आणि नंबर झाकून तेवढा फोटो इथे टाका, काय दिलंय ते वाचता येतंय का बघते.