मुलांची पुस्तकं लिहून-चितारून पोट भरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिहिताही येतं, चित्रंही काढता येतात, वय चाळिशीचं, तर नोकरी सोडून मुलांच्या पुस्तकांचं लेखन आणि चित्रं हेच करावं का? करा. नोकरी मात्र एवढ्यात सोडू नका.

मी हेच काम करते आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची चूल एकट्या पुस्तकांवर पेटत नाही. कुणी शिकवतं, कुणी मासिकांसाठी चित्रं काढतं, कुणी शाळांमध्ये कार्यशाळा घेतं. लेखक आणि चित्रकार वेगळे असले की रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, दोघांत वाटली जाते. दोन्ही तुम्हीच असलात तर वाटणी टळते, हे खरं. पण चित्रांना लागणारे महिने त्यामुळे कमी होत नाहीत. अ‍ॅडव्हान्स (आगाऊ रक्कम) मिळाला तर तोही रॉयल्टीतूनच वळता होतो. तो फिटेपर्यंत पुढचा पैसा येत नाही.

दोन्ही कामं एका हाती असण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. वाक्य खोडून त्याचं काम चित्रावर सोपवायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘मुलगी घाबरली’ असं लिहिलंत आणि शेजारी घाबरलेली मुलगी काढलीत, तर एकच गोष्ट दोनदा सांगून झाली. ‘मी मुळीच घाबरले नाहीये’ असं ती म्हणते आणि चित्रात पलंगाखालून फक्त तिची बोटं दिसतात, तेव्हा खरी गंमत सुरू होते. वाचून दाखवणारा मोठा माणूस अजून अक्षरांत गुंतलेला असतो आणि वाचता न येणाऱ्या मुलाला गुपित आधीच कळलेलं असतं. म्हणून ते तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतं.

हे सगळं ठरतं डमीत, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यात. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून दुमडला की पानं ८ किंवा १६ च्या पटीत पडतात. शीर्षक वगैरे पानं वजा केली की गोष्टीला जेमतेम १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात. साधे कागद दुमडून, मध्ये टाचून, पेन्सिलीने भराभर रेखाटलेली वही म्हणजे डमी. ती हातात धरून मोठ्याने वाचा. उजव्या पानाच्या शेवटी उत्सुकता ताणायची आणि पान उलटल्यावर ती फोडायची, हे स्क्रीनवर सरकवत बसलात तर कळतच नाही. मी सगळ्यात जास्त डोकं इथेच खाजवते. रंगकाम त्या मानाने आरामाचं.

डमी संपादकाने बघावी म्हणूनही असते. संपादकाच्या सूचनेने पुस्तक कसं बदलतं ते बघा. मुलांच्या पुस्तकांचे अमेरिकन लेखक-चित्रकार एरिक कार्ल मूळचे जाहिरातक्षेत्रातले. त्यांनी जाहिरातीसाठी केलेलं लॉबस्टरचं चित्र पाहून लेखक बिल मार्टिन यांनी त्यांना चित्रं काढायला बोलावलं आणि ते पुस्तक १९६७ मध्ये आलं. पुढे कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोकं पाडताना कार्लना पुस्तक पोखरणारा किडा सुचला. किड्याऐवजी सुरवंट घ्या, हे सुचवलं संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांनी. फुलपाखरू तिथूनच आलं. १९६९ च्या त्या पुस्तकाची, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ची, लहान-मोठी, भोकांची पानं अमेरिकेत छापणं परवडेना, म्हणून छपाई जपानमध्ये झाली. कल्पना, संपादक आणि छापखाना यांपैकी एकालाही वगळून ते पुस्तक झालं नसतं.

म्हणून प्रकाशकाकडे पूर्ण रंगवलेलं पुस्तक नेऊ नका. संपूर्ण डमी आणि पक्क्या रंगातली दोन-तीन जोडपानं पुरतात. सगळं रंगवून बसलेला माणूस बदलाला सहसा तयार होत नाही, हे संपादकांनाही माहीत असतं. पोर्टफोलिओत सुटी देखणी चित्रं तर सगळ्यांकडेच असतात. एकच मूल धावताना, रुसलेलं, पाठमोरं, गर्दीत उभं, तरी तेच म्हणून ओळखू येणारं, असं काही दाखवा.

थोडं छपाईचं. दोन पानं जिथे शिवली जातात तिथे कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. चित्रातल्या पाट्यांवरची अक्षरं चित्राबरोबर रंगवू नका. मजकूर काळ्या शाईत आणि वेगळ्या थरात ठेवला, की दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीसाठी छपाईच्या चार रंगांपैकी फक्त काळ्याची प्लेट (छापायचा पत्रा) बदलावी लागते आणि अनेक भाषांच्या आवृत्त्या एकत्र, स्वस्तात छापता येतात. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात १९६४ पासून अशा परभाषेतल्या आवृत्त्यांच्या हक्कांची देवघेव चालते. तुमचं पुस्तक तिथे पोचेल तेव्हा ही तयारी उपयोगी पडेल.

वयाची काळजी सोडा. चित्रकार-लेखक लिओ लिओनी यांचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक १९५९ चं, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. स्वतः छापायचं मनात असेल तर बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचं उदाहरण सगळे देतात: त्यांची ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये त्यांनी २५० प्रती स्वखर्चाने काढल्या आणि नाकारणाऱ्यांपैकीच एकाने पुढच्या वर्षी रंगीत आवृत्ती काढली. पण हेही बघा की पुस्तक दूरवर पोचलं ते प्रकाशक मिळाल्यावरच. छापणं जमून जातं, वितरणात माणूस थकतो.

करार आला की आनंदाच्या भरात सही करू नका. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की विक्रेत्यांची सूट वजा जाऊन प्रकाशकाकडे येणाऱ्या रकमेवर, हे आधी बघा. टक्के तेच राहून रक्कम बरीच घटू शकते. एकरकमी मानधनात सगळे हक्क कायमचे मागत असतील तर घासाघीस करा. पुस्तकाची छपाई बंद झाली की हक्क परत तुमच्याकडे यावेत, असं कलम हवं. आणि मूळ चित्रांची मालकी तुमचीच राहील, हे स्पष्ट लिहून घ्या. पुस्तक दुकानांतून गेल्यावरही ती चित्रं प्रदर्शनात मांडता येतात, विकताही येतात.