नोकरी जाईल असं वाटतंय, घरी आत्ताच सांगू का?

हा प्रश्न हल्ली फार येतो. चाकणच्या एका पार्ट्सच्या कंपनीतले सुपरवायझर आले होते (ओळख पटेल असं सगळं बदललंय), प्लांटमध्ये ओटी (ओव्हरटाइम) बंद, कॉन्ट्रॅक्टची पोरं कमी केलेली, आता आपला नंबर म्हणून झोप उडालेली आणि घरी मात्र एक शब्द नाही, का तर बायको टेन्शन घेईल. म्हटलं पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या.

त्या आल्या आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, ओटी बंद झाला तेव्हाच कळलं मला, पगार कमी आला ना, पण हे चिडचिड करतात म्हणून विचारलं नाही. म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत गप्प!

मग दोघांना वेगवेगळा कागद दिला, महिन्याचा खर्च लिहा. ह्यांनी लिहिले 30 हजार, वहिनींनी 41. स्कूल व्हॅन, आईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, आहेर-बिहेर ह्यांच्या यादीत नव्हतंच, आणि वहिनींची भिशी तर ह्यांना माहीतच नव्हती. त्यावर थोडी तणतण झाली, होऊ दिली मी. भांडण झालं तरी आकडा एक झाला पाहिजे, कारण सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणताना महिन्याचे 30 हजार धरायचे की 41 हे आधी ठरायला हवं ना.

बोनस होमलोनमध्ये भरून मोकळं व्हायचा ह्यांचा विचार होता. मी म्हटलं थांबा, लोनमध्ये गेलेला पैसा अडचणीत सहसा परत हातात येत नाही, आत्ता एफडीत राहू दे. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून पगार चालू असतानाच आईंची वेगळी पॉलिसी बघा. आणि पीएफला नाव आधारशी जुळतंय का ते तपासा, ह्यांचं वडिलांचं नाव एकीकडे होतं एकीकडे नव्हतं, अशाने क्लेम अडकतो.

मुलगा नववीत. त्याला वहिनींनीच सांगितलं, तर म्हणाला क्लासची फी हप्त्याने भरा, चालतं तिथे.

नोकरी अजून आहे. आईंना सांगायचं की नाही यावर मात्र दोघांचं जमत नाहीये, पुढच्या वेळी तोच विषय.