वडील राजदूत नसले तर?

पत्र : माझी मुलगी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र. कॉलेजात तिने अमेरिकेच्या मॅडलिन ऑलब्राइट यांच्यावर भाषण केलं, ‘निर्वासित मुलगी ते परराष्ट्रमंत्री’. बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून भारतीय परराष्ट्र सेवेशिवाय दुसरा विषय नाही. आमचं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापडाचं होलसेल दुकान आहे. माझे वडील नऊ वर्षांचे असताना सिंधमधून आले, त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मुलगी म्हणते, आपणही निर्वासितांच्याच घरातले. मी थोडं वाचलं तर कळलं की या बाईंचे वडील स्वतःच राजदूत होते! मग आमच्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं? तिला चार वर्षं द्यावीत की दुकानात बसवावं? दिल्लीच्या एका क्लासची फी भरायची शेवटची तारीख जवळ आली आहे.

उत्तर :

नमस्कार.

तुमची शंका रास्त आहे, आणि ती तुमच्या लेकीच्या भाषणात यायला हवी होती. ‘निर्वासित ते परराष्ट्रमंत्री’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्यात मधली तीसेक वर्षं गाळलेली असतात. करिअरचा प्रश्न नेमका त्या गाळलेल्या वर्षांचा असतो.

ऑलब्राइट यांचा जन्म १९३७ चा, प्रागचा. वडील योसेफ कॉर्बेल चेकोस्लोव्हाकियाच्या परराष्ट्र खात्यात. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि हे कुटुंब लंडनला पळालं. बॉम्बवर्षाव सोसला. युद्धानंतर परत गेले, वडील युगोस्लाव्हियात राजदूत झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि पुन्हा देश सुटला. अकरा वर्षांची होईपर्यंत या मुलीचा देश दोनदा गेला होता.

यात आपल्याकडचा एक धागा आहे, तो लेकीला सांगा. १९४८ साली काश्मीर प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रांनी जो आयोग नेमला, त्यात हेच कॉर्बेल चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी होते. त्या कामासाठी ते भारत-पाकिस्तानात आले, पुढे काश्मीरवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. दरम्यान मायदेशी परतणं धोक्याचं झालं, म्हणून त्यांनी अमेरिकेत आश्रय मागितला. १९४८ च्याच नोव्हेंबरात त्यांचं कुटुंब बोटीने न्यूयॉर्कला उतरलं. राजदूतपद गेलं, मान गेला, पैसा तर नव्हताच. ते डेन्व्हर विद्यापीठात शिकवू लागले.

म्हणजे मॅडलिन मोठी होत होती तेव्हा तिच्या घरात राजदूत नव्हता, मास्तर होता. जेवताना परराष्ट्र धोरणावर बोलणारा मास्तर, हे मात्र खरं. तो फायदा तिला मिळाला आणि तो लहान नाही. तुमच्या घरी जेवताना सुताच्या भावावर बोलणं होत असणार. त्यामुळे फरक आहे, नाही असं मी म्हणणार नाही.

पण याच डेन्व्हरमध्ये पुढे पियानो शिकायला आलेली एक मुलगी कॉर्बेलसरांच्या आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या वर्गात जाऊन बसली आणि तिने विषयच बदलला. तिचे वडील राजदूत नव्हते, ते चर्चमध्ये पाद्री होते आणि शिकवायचे. ती मुलगी म्हणजे कोंडोलिझा राइस. २००५ मध्ये त्याही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. एकाच माणसाची एक मुलगी आणि एक विद्यार्थिनी, दोघी त्याच खुर्चीवर. ऑलब्राइटना घरात जे मिळालं ते राइसना वर्गात मिळालं, तुमच्या प्रश्नाला माझं अर्धं उत्तर हेच आहे. तुम्ही राजदूत नाही याचं ओझं घेऊ नका. तिला असा एक शिक्षक कुठे मिळेल, एवढं बघा. आणि तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली परराष्ट्र सेवेत गेले, जपानी शिकले, टोकियोत काम केलं, पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. अब्दुललाट गांधीनगरपासून काही लांब नाही.

आता ती गाळलेली वर्षं. वेलस्ली कॉलेजमधून १९५९ साली ऑलब्राइट पदवीधर झाल्या, तेही शिष्यवृत्तीवर. लगेच लग्न. नवरा पत्रकार, यांनाही पत्रकारच व्हायचं होतं. शिकागोतल्या एका संपादकाने सांगितलं की नवऱ्याच्या पेपरात बायकोला घेता येणार नाही, आणि दुसऱ्या पेपरात जाऊन नवऱ्याशी स्पर्धा करणंही बरं दिसणार नाही, तेव्हा दुसरं काही शोध. १९६१ मध्ये जुळ्या मुली झाल्या, दिवस भरायच्या आधी, काचेच्या पेटीत ठेवलेल्या. त्या काळात या बाईंनी रशियन भाषेचा वर्ग लावला. पुढे कोलंबिया विद्यापीठात एम.ए. आणि १९७६ मध्ये पीएच.डी. प्रबंध १९६८ च्या ‘प्राग वसंता’तल्या, म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणांच्या काळातल्या, वृत्तपत्रांच्या भूमिकेवर होता. पहाटे साडेचारला उठून त्या लिहायच्या, कारण नंतर घर जागं व्हायचं. बघा, जो देश हातातून गेला तोच त्यांनी अभ्यासाला घेतला.

त्याच वर्षी सिनेटर एडमंड मस्की यांच्या कार्यालयात त्या लागल्या, तेव्हा वय ३९. दोन वर्षांनी त्यांचेच जुने प्राध्यापक ब्रेझिन्स्की, जे तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार होते, त्यांनी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कामावर घेतलं. मग १९८२ मध्ये घटस्फोट, जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवणं आणि पुढे हरलेल्या उमेदवारांना त्यांच्या निवडणुकीत परराष्ट्र धोरणावर सल्ला देणं. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत राजदूत, १९९७ मध्ये परराष्ट्रमंत्री, त्या पदावरची पहिली स्त्री. वय ५९. सिनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली.

हा सगळा हिशेब मांडला कारण तुम्ही ‘चार वर्षं’ म्हणता. आपल्याकडची व्यवस्था निराळी आहे हे खरं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष प्राध्यापकाला राजदूत करू शकतो, इथे परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो. खुल्या प्रवर्गाला वयाची अट २१ ते ३२, संधी सहा. दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला तीस-चाळीस, कधी थोड्या कमी, कधी थोड्या जास्त. म्हणून मी कुणालाच ‘फक्त आयएफएस’, म्हणजे फक्त परराष्ट्र सेवा, असं ठरवू देत नाही. विषय पक्का करा, पदाला दोन-तीन दारं ठेवा.

तुमच्या लेकीसाठी मला असं दिसतं. आधी बी.ए. नीट पूर्ण होऊ द्या. तिसऱ्या वर्षी दिल्लीच्या जेएनयूमधल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या एम.ए.साठी प्रवेश परीक्षा द्यावी. नाही जमलं तर पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र किंवा संरक्षण व सामरिकशास्त्र. मी क्लासपेक्षा विद्यापीठाला महत्त्व देतो, कारण कॉर्बेलसरांसारखं कुणी भेटलं तर ते तिथेच भेटतं. एम.ए.च्या जोडीला एक परदेशी भाषा, तीही प्रमाणपत्रापुरती नको, पेपर वाचता येईल इतकी हवी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही सोय जुनी आहे. सिंधी, मराठी, हिंदी, इंग्रजी या चार भाषा ती आत्ताच बोलत असेल, तेव्हा पाचवीचं भय तिला नसावं. परीक्षेचे तीन प्रयत्न पंचविशीपर्यंत. तोवर यादीत नाव नाही आलं तरी हातात एम.ए. आणि भाषा असेल. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक कार्यक्रम, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, धोरण-संशोधन, परदेशी कंपन्यांतलं काम, आणि हो, कापडाची निर्यातसुद्धा. होलसेलवाल्याच्या मुलीने निर्यातीचं दार आधीच बंद करू नये.

दिल्लीच्या क्लासची फी आत्ता भरू नका. शेवटची तारीख दर महिन्याला असते.

आता लेकीच्या ‘आपणही निर्वासितांच्याच घरातले’ या वाक्याबद्दल. तिचा अभिमान मला आवडला, पण त्याने मुलाखतीत गुण मिळत नाहीत. घरच्या अनुभवातून माणसाला मत मिळतं, आणि मत राजनयात जितकं उपयोगी तितकंच अडचणीचं. ऑलब्राइट सांगायच्या की त्यांच्या विचारांची जडणघडण म्युनिकने केली, म्हणजे १९३८ साली हिटलरला खूश ठेवायला बड्या देशांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला, त्या कराराने. युगोस्लाव्हिया फुटल्यावर युद्ध पेटलेल्या बोस्निया-कोसोव्होत हात बांधून बसू नका, असा त्यांचा आग्रह तिथूनच आला. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि त्यांचा स्वतःचा चेक देश नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीत आला, तेव्हा प्रवेशाची कागदपत्रं त्यांनीच स्वीकारली. पण याच बाईंना १९९६ मध्ये टीव्हीवर विचारलं गेलं की संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक निर्बंधांपायी इराकमध्ये एवढी मुलं दगावली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? ‘आम्हाला वाटतं, आहे’ अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. पुढे त्यांनी त्याबद्दल वारंवार खेद व्यक्त केला, तरी २०२२ मध्ये त्या गेल्या तेव्हाही ते उत्तर लोकांच्या लक्षात होतं. स्वतः बॉम्बखाली वाढलेलं मूल मोठेपणी दुसऱ्यांच्या मुलांबद्दल असं बोलू शकतं. लेकीच्या भाषणात हा भाग नसेल तर पुढच्या वेळी असावा.

आणखी एक गोष्ट, ही तुमच्या वडिलांसाठी. ऑलब्राइट मंत्री झाल्या त्याच सुमारास एका पत्रकाराच्या शोधातून बाहेर आलं की त्यांचं घराणं ज्यू होतं आणि चारपैकी तीन आजी-आजोबा नाझींच्या छळछावण्यांत मेले. आईवडिलांनी जन्मभर हे सांगितलं नव्हतं. मुलांना वाचवायला काही माणसं गप्प राहतात. तुमचे वडीलही बोलत नाहीत म्हणता. नातीने एकदा वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं. कुठल्या गावाहून निघाले, कुठल्या बंदरात उतरले, गांधीनगरच्या छावणीत कोणती खोली मिळाली. तिला हेही माहीत नसेल की ती छावणी मुळात वळिवडे या गावापाशी पोलंडच्या निर्वासितांसाठी उभारलेली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, तिथे राहून गेली आणि त्यांच्या मागे सिंधी कुटुंबं आली. तिचा पहिला संशोधन-निबंध घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आजोबा नाही म्हणाले तर मात्र हट्ट नको.

आणि दुकान. सुट्टीत दोन महिने तिला गल्ल्यावर बसवाच, शिक्षा म्हणून नव्हे. समोरच्याला ताग्याचा भाव पटत नसताना त्याला उठून जाऊ न देणं ही कला तुम्हाला येते, ती तिने जवळून बघावी.

शेवटी, ही ओढ टिकेल का, असं तुम्हाला वाटत असणार. त्यासाठी एक काम देतो. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री ऑलब्राइटच होत्या आणि त्यांनी भारतावर कडक टीका केली. लेकीने दोन टिपणं लिहावीत, प्रत्येकी दोन पानं. एकात भारताची बाजू, दुसऱ्यात ऑलब्राइट यांची, आणि दुसरं टिपण पहिल्याइतकंच मनापासून. परराष्ट्र सेवेत स्वतःचं मत बाजूला ठेवून सरकारची बाजू मांडावी लागते आणि समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली समजून घ्यावी लागते. काहींना हे जमतं, काहींना त्याचा मनस्वी राग येतो. राग येणाऱ्यांसाठी वकिली, पत्रकारिता, चळवळ ही चांगली क्षेत्रं आहेत. दोन्ही टिपणं मला पाठवा, आणि दुसरं लिहायला तिला पहिल्यापेक्षा किती जास्त वेळ लागला तेही कळवा.